आजीच्या हातचे मार्क

आमच्या कॉलेजातल्या मामना काहीही कुठे आहे म्हणून विचारलं की त्या हात वर करायच्या नाहीत. ओठांचा चंबू करून तिकडे दाखवायच्या. झेरॉक्स मशीन? चंबू डावीकडे. डीनसर आहेत का? चंबू केबिनकडे. आमचे डीनसर कॉलेजात नवीन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांचा घोटाळा झाला. लखनौचे गृहस्थ, भारी अदबशीर. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, वो फिलिपिनोवाली टीचर... सबको ऐसे ही..." पुढचं त्यांना बोलवेना. मी हसून हसून बेजार झाले. म्हटलं, "सर, घाबरू नका, त्या तुम्हाला स्टोअररूम दाखवत होत्या."

आमचं कॉलेज म्हणजे दुबईत अल क्वोजच्या गोदामांच्या कडेला एका बिल्डिंगचे दोन मजले. खाली फर्निचरचं शोरूम, वर बिझनेस आणि हॉटेल मॅनेजमेंट. मुलं बहुतेक इथेच वाढलेली, फिलिपिनो, आपली, थोडी अरबी. मी अॅकॅडमिक ऑफिस सांभाळायची, म्हणजे अॅडमिशनपासून रिझल्टपर्यंत सगळा डोक्याला ताप माझा. आणि माम फिलिपिनो भाषा शिकवायच्या. आधीच्या मॅनेजमेंटला कधीतरी हौस आली होती, एवढी फिलिपिनो मुलं आहेत तर त्यांच्या भाषेचा एक ऑप्शनल विषय ठेवू म्हणून. ते मॅनेजमेंट गेलं, विषय राहिला आणि माम राहिल्या.

त्या सगळ्या बायकांनाच 'माम' म्हणायच्या. मला माम, झाडूवालीला माम, डीनसरांच्या बायकोला माम. मीही त्यांना तेच म्हणायला लागले. त्यामुळे आमचं बोलणं बाहेरच्याला ऐकायला गंमतच वाटायची. "माम, बस आली." "हो माम, चला माम."

आम्ही दोघी राहायला करामा भागात. मी नवरा आणि मुलीबरोबर फ्लॅटमध्ये, त्या दोन गल्ल्या सोडून एका खोलीत बेडस्पेस घेऊन, म्हणजे चार बायकांच्या खोलीतला एक पलंग त्यांचा. सकाळी बसस्टॉपवर त्या छत्री उघडून उभ्या असायच्या. दुबईत, छत्री! पाऊस पडला तर बातमी होते इथे. पण त्यांचं म्हणणं, ऊन काय फुकट मिळतं म्हणून अंगावर घ्यायचं? बसमध्येसुद्धा खिडकीशी बसल्या की छत्री अर्धी उघडायच्या. शेजारचा पठाण बिचारा आक्रसून बसायचा.

डबा उघडला की समोरून जाईल त्याला त्या 'या, जेवा' म्हणायच्या. डब्यात मूठभर भात आणि एक वाळका मासा असला तरी. आमच्याकडे गावाला नाही का, ओट्यावर चहा घेत बसलेला माणूस रस्त्यावरच्याला 'या चहा घ्यायला' म्हणतो, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडचा 'नको, आत्ताच झाला' म्हणून पुढे जातो. इथे डीनसरांनी पहिल्यांदा खरंच खुर्ची ओढली आणि मग मासा पाहून त्यांचा चेहरा जो झाला तो मी जन्मात विसरणार नाही. शुद्ध शाकाहारी माणूस तो.

आणि ते खोकं. त्यांच्या टेबलाशेजारी कमरेएवढं एक पुठ्ठ्याचं खोकं कायम तोंड उघडून उभं असायचं. फिलिपिनो लोकांची ही रीतच आहे, महिनोन्‌महिने खोकं भरत राहायचं आणि भरलं की बोटीने घरी पाठवायचं. साबण, टॉवेल, डबाबंद मटण, चॉकलेटं. मामच्या खोक्यात काहीही जायचं. कुणी वाढदिवसाला पेन दिलं, खोक्यात. मी दिवाळीचा चिवडा दिला, खोक्यात. "अहो, तो मऊ पडेल तिकडे जाईपर्यंत!" "मऊ तर मऊ, माम. माझ्या भाचीने दुबईचा चिवडा खाल्ला हे तर होईल."

या बाई तिकडे मनिलाजवळच्या एका कॉलेजात कितीतरी वर्षं हीच भाषा शिकवत होत्या. मग तिथेच वाद सुरू झाला की फिलिपिनो शाळेत शिकवतातच, कॉलेजात परत कशाला? मुलांना इंग्रजी हवं, कॉम्प्युटर हवा. मामच्या कॉलेजने तास कमी केले आणि त्यांना म्हणाले, तुम्ही आता पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट शिकवा. माम मला सांगायच्या, "मी आरशात बघितलं, माम. म्हटलं, ही पर्सनॅलिटी कोणी डेव्हलप करून घेणार नाही." मग बहिणीच्या ओळखीने इकडे आल्या. आधी मॉलमध्ये अत्तराच्या काउंटरवर उभ्या राहिल्या, मग आमच्याकडे आल्या.

एकदा बसमध्ये त्यांनी विचारलं, "तुमची भाषा तुमच्याकडे कॉलेजात शिकवतात?"

"शिकवतात की. बीए मराठी असतं. ज्यांना दुसरीकडे कुठे अॅडमिशन मिळत नाही ते जातात," मी म्हटलं आणि हसले. आपण हसतोच अशा वेळी.

त्या हसल्या नाहीत.  मग म्हणाल्या, "माझ्या आईची भाषा ही नव्हेच, माम. मी बोहोल बेटावरची. घरी आम्ही बिसाया बोलायचो. फिलिपिनो मी शाळेत शिकले, मनिलावाल्यांची म्हणून रडत रडत. माझ्या आईची भाषा कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. तिच्या वाटणीचं ताट ओढून मी ही भाषा जेवले, हे मला माहीत आहे."

मी चाटच पडले. म्हटलं, "मग तुम्ही कशाला भांडता या विषयासाठी?"

"मग काय, दोन्ही उपाशी ठेवू?" त्या म्हणाल्या आणि आमचा स्टॉप आला.

मी प्रामाणिकपणे सांगते, मला त्यांचं सगळं पटायचं नाही. पालक मला फोन करायचे, मॅडम, ह्या विषयाने जॉब मिळेल का? काय सांगणार? मुलं घरी तीच भाषा बोलतात, मग फी भरून तीच शिकायची? मी हे मामना तोंडावर विचारलंय. त्या म्हणाल्या, "घरी काय बोलतात? जेवलास का, आंघोळ कर, उशीर का केलास. एवढ्यावर माणूस म्हातारा होऊ शकतो, माम. पण एखाद्यावर रागावलोय आणि का रागावलोय ते नीट सांगायचं झालं की ही मुलं इंग्रजीत जातात. आणि आजी तिथेच राहते."

म्हणूनच त्यांची ती परीक्षा.

मामची तोंडी परीक्षा अशी असायची. विद्यार्थ्याने वर्गात सगळ्यांसमोर आपल्या लोलाला, म्हणजे आजीला, फोन लावायचा. स्पीकरवर. बोलायचं. मार्क लोला देणार. आजी नसेल तर ज्या माणसाने तुम्हाला बोलता येत नसताना तुमच्याशी बोलायला सुरुवात केली त्याला फोन लावायचा. आणि नियम दोनच. एक, नापास झालात तर पुढच्या आठवड्यात परत फोन करायचा, पास होईपर्यंत. दुसरा, परीक्षकाला कारण विचारायचं नाही. लोला कारण देत नाहीत.

वर्गातली सगळ्यात फाडफाड बोलणारी मुलगी पहिल्या फटक्यात नापास झाली होती. तिच्या लोलाला एक शब्द मध्ये घालायला मिळाला नव्हता. उलट एक ततपप करणारा पोरगा मध्येच गप्प झाला, त्याला शब्दच सापडेना, आणि पलीकडून म्हातारी म्हणाली, मी थांबते, सावकाश सांग. त्याला पैकीच्या पैकी. एका आजीने नातीला सोडून मामचीच उलटतपासणी घेतली. तू कोण? कुठली? लग्न झालं का? नाही? का नाही? माम मान खाली घालून उत्तरं देत होत्या आणि वर्ग लोळत होता.

हे सगळं बरं चाललं होतं. घोळ केला तो हॉटेल मॅनेजमेंटच्या एका मुलाच्या लोलाने. मुलगा चांगला बोलायचा. तरी लोलाने नापास केला. पुढच्या आठवड्यात परत नापास. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. शेवटी तो माझ्या टेबलापाशी येऊन रडकुंडीला आला, "माम, माय लोला इज चीटिंग!" म्हातारीने नियम बरोबर ओळखला होता. पास केलं की पोरगा फोन करायचा बंद होणार!

मला हसू आवरेना, पण रिझल्ट अडकला ना! सगळ्या विषयांचे मार्क आले, फिलिपिनोचं पान कोरं. डीनसरांनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, बाहर से इन्स्पेक्शन आएगा तो क्या दिखाऊँ? दादी ने फेल किया?"

मग मामना बोलावलं. डीनसर वाईट माणूस नव्हते, नीट समजावून सांगत होते. विषयाला मुलं कमी, एकाच देशाची मुलं, परीक्षेला ना पेपर ना मार्किंग स्कीम. "मला सांगा माम, हा विषय मी का चालू ठेवू? टर्म संपली की बंद करू या. तुम्हाला फ्रंट ऑफिसला घेतो. तुम्हाला पटतंय ना?"

मामनी भुवया उंचावल्या. डीनसर उत्तराची वाट बघत बसले. त्यांना कुठे ठाऊक की भुवया वर म्हणजे 'ऐकलं'. शेवटी माम म्हणाल्या, "सर, एकदा परीक्षेला येऊन बसा. मग बंद करा."

बाहेर आल्या तेव्हा चंबू नाही, छत्री नाही, काही नाही. म्हणाल्या, "हा विषय दुसऱ्यांदा बंद होतोय, माम. एकदा माझ्या देशात बंद झाला. आता इथे. फ्रंट ऑफिसला मी काय करू? लोकांना ओठाने टॉयलेट दाखवू?" मला पहिल्यांदा त्यांची कीव आली आणि माझाच राग आला.

डीनसरांनी मात्र शब्द पाळला. टर्म संपायच्या आत पूर्ण वर्गाची परीक्षा त्यांच्यासमोर घ्यायची ठरली.

आता माझी मुलगी. स्टाफच्या मुलांना फीत सवलत, म्हणून ती आमच्याच कॉलेजात बिझनेस करत होती, शेवटच्या वर्षाला. त्या टर्मला तिने ऑप्शनल म्हणून फिलिपिनो घेतलं होतं. फॉर्मवर सही करताना मी विचारलं होतं, "अगं, हे काय खूळ?" तर म्हणे, "ईझी ए, आई. चिल." माझं डोकंच फिरलं होतं. डोंबिवलीला माझ्या आईशी बोलायचं तर 'हाय आजी, कशी आहेस, मी बरी आहे, बाय.' बस्स, खलास. मराठी सिनेमाला नेलं तर सबटायटल वाचणार. आणि ही बया फिलिपिनो शिकणार! परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी चिडवलं, "तू कोणाला फोन लावणार? तुझी लोला तर डोंबिवलीला." तिने दार लावून घेतलं. तिचं दार नेहमीच बंद असायचं. आत ती फोनवर खिदळत असायची आणि मला वाटायचं, मैत्रिणी.

परीक्षेला डीनसर छापील मार्किंग शीट घेऊन बसले. मी त्यांच्या शेजारी, नोंदी घ्यायला. पहिला नंबर त्याच हॉटेल मॅनेजमेंटवाल्याचा. त्याच्या लोलाला कळलं की मोठे साहेब आलेत, तर तिने नातवाला बाजूला केलं आणि साहेबांना प्रश्न सुरू केले. माम भाषांतर करत होत्या. "त्या विचारतात, तुम्ही जेवलात का?" "जी, खा लिया," डीनसर फोनकडे बघून अदबीने म्हणाले. "त्या म्हणतात, आवाजावरून वाटत नाही." वर्ग हसत सुटला. डीनसरही हसले, पण शीटवर काही लिहिलं नाही.

मग माझ्या मुलीचं नाव आलं. तिने माझ्याकडे न बघता फोन लावला. पलीकडून एक बाईचा आवाज आला, घोगरा, दमलेला. आणि त्या आवाजाने तिला एका लाडाच्या नावाने हाक मारली. ते नाव मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. 

याया होती ती. आमच्याच बिल्डिंगमधली फिलिपिनो बाई, घरी मुलं सांभाळायची. मी सकाळी सातला झोपलेलं बाळ तिच्या हातात द्यायची आणि संध्याकाळी झोपाळलेलं परत घ्यायची. मधला अख्खा दिवस तिचा. पुढे ती बातांगासला आपल्या गावी परत गेली आणि मी तिला विसरले. मुलगी विसरली नव्हती. बंद दारामागचं खिदळणं तिच्याशी होतं.

माझी पोरगी बोलत होती. शिकलेलं नव्हे, पाठ केलेलं नव्हे. हात हलवून, हेल काढून, मध्येच रागावून. एवढं लांब वाक्य तिने माझ्याशी कधी बोललेलं मला आठवेना. मग काहीतरी विचारत होती आणि डोळे पुसत होती. पलीकडून याया हळूहळू समजावत होती.

डीनसर माझ्याकडे वाकले. "क्या कह रही है आपकी बेटी?"

मी म्हटलं, "पता नहीं, सर."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मत्सर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या पोटची पोर माझ्यासमोर रडत होती आणि ती का रडतेय ते वर्गातल्या सगळ्यांना कळत होतं, मला सोडून. मी मामकडे बघितलं. त्या भाषांतर करत नव्हत्या. "ते तुम्ही तिलाच विचारा, माम," एवढंच म्हणाल्या.

यायाने पैकीच्या पैकी मार्क दिले. आणि मग तुटक्या इंग्रजीत विचारलं, "माम, आई आहे तिथे?" आणि मग मला, "माम, तुमची मुलगी खूप चांगली. तुम्ही जेवता ना वेळेवर?" 

डीनसर मार्किंग शीट घेऊन उठले. ती कोरीच होती. दाराशी थांबून म्हणाले, "माम, अजून एक टर्म. पण ठरलेल्या संख्येइतकी नावं पाहिजेत. एक कमी पडलं तरी मी काही करू शकणार नाही." मामनी भुवया उंचावल्या. या वेळी डीनसरांनीही उंचावल्या.

मुलीला मी घरी विचारलं. "इट्स नथिंग, आई." पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं की कॅनडाला पुढच्या शिक्षणासाठी तिला अॅडमिशन मिळालीय. उन्हाळ्यानंतर ती गेली. तिचं दार आता उघडंच असायचं.

नव्या टर्मची नावं आली. फिलिपिनोला एक नाव कमी. यादी बंद व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत मी मुलांना धरधरून विचारत होते. माम मात्र शांतपणे खोकं भरत होत्या. त्यांचं निवृत्तीचं वय झालंच होतं, ही टर्म झाली तरी शेवटचीच होती. "राहू दे, माम. नाही तर नाही," त्या म्हणाल्या, पण खोक्यात तोंड घालून म्हणाल्या, म्हणजे चेहरा दिसू नये.

मी खुर्चीवर बसले, एक फॉर्म घेतला आणि माझंच नाव भरलं. स्टाफला शिकायची परवानगी होती, कोणी कधी वापरली नव्हती. डीनसरांनी सही करताना चष्म्यावरून बघितलं. "इस उमर में, मॅडम?" "जी सर," मी म्हटलं.

पन्नाशीच्या बाईने विशीतल्या पोरांबरोबर बसून भाषा शिकायची म्हणजे काय ते मला विचारा. पोरं मला प्रेमाने लोला म्हणायची. रात्री नवरा विचारायचा, काय पुटपुटतेस? माम माझ्यावर जराही दया करायच्या नाहीत. "ऐका, माम. तुम्ही बोलायची फार घाई करता."

परीक्षेला प्रश्न आला, मी कोणाला फोन लावणार? मला बोलता येत नसताना या भाषेत माझ्याशी बोललेलं कोणीच नव्हतं. मामनी चंबू केला. माझ्या फोनकडे.

टोरांटोला सकाळ होती. पोरगी झोपेतून उठलेली. मी घरून घोकून आणलेली वाक्यं म्हटली. तुझी खोली तशीच आहे. बाबा बरे आहेत. इकडे उकाडा आहे.  मग ती हसायला लागली, पण वाईट नाही, लहानपणी हसायची तशी. आणि तिने त्याच भाषेत, एकेक शब्द सुटा करून, मी लहान मूल असल्यासारखं विचारलं, आई, तू जेवलीस का?

मला कळलं. मी म्हटलं, जेवले. मग मी महिनाभर घोकलेला एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी यायाला काय सांगत होतीस?

तिने मग सावकाश सांगितलं. मला कॅनडा मिळालाय, याया. आईला कसं सांगू? ती रडेल. तिला रडू आलं की ती रागावते आणि मग मला काहीच सांगता येत नाही.

सगळं कळलं मला. एकही शब्द कोणाला विचारावा लागला नाही. मी रडले. रागावले नाही. म्हटलं, सांग, मी ऐकतेय. आणि ती कितीतरी वेळ सांगत राहिली. काही समजलं, काही सुटलं, मी थांबवलं नाही.

शेवटी मामनी फोन जवळ घेऊन विचारलं, "परीक्षक, मार्क?"

"फेल," पोरगी म्हणाली.

"अगं, का?" मी मराठीतच ओरडले. "सगळं तर कळलं मला!"

"लोलाज डोंट गिव्ह रीझन्स, आई. रविवारी परत फोन कर."

माम त्यानंतर बोहोलला परत गेल्या. शेवटचं खोकं त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावून बंद केलं, त्यात माझा गोडा मसालाही गेला. तो कशात घालतात ते त्यांनी अजून दोनदा विचारलंय. कॉलेजात आता तो विषय नाही. त्या तासाला तिथे डिजिटल मार्केटिंग असतं आणि वर्ग भरलेला असतो.

माझ्या नावापुढे मात्र सिस्टीममध्ये अजून 'इन्कम्प्लीट' दिसतं. डीनसरांनी दोनदा विचारलं, मॅडम, इसे क्लोज कर दें? मी नाही म्हटलं. दर रविवारी मी परीक्षेला बसते आणि पोरगी मला नापास करते.